रिव्हर्स पडत नाही तेव्हा

गाडी पुढच्या सगळ्या गिअरमध्ये मजेत पळते आणि फक्त रिव्हर्स पडत नाही, असं सांगितलं की गॅरेजमध्ये पुष्कळदा पहिलं उत्तर येतं, 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' मालक घाबरून होकार देतो. माझ्या मते ही घाई बंद व्हायला हवी. रिव्हर्स न पडण्याचं कारण कितीतरी वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं आणि ते उजेडात, उभ्याउभ्या सापडतं.

कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकी मोटारीला रिव्हर्स नव्हताच. आज आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 99 वा नियम सांगतो की गाडीला स्वतःच्या ताकदीवर पुढे आणि मागे दोन्हीकडे जाता आलं पाहिजे. मोटारसायकलला त्यातून सूट आहे. तरीही गिअरबॉक्समध्ये सगळ्यात साधी, जुन्या वळणाची रचना राहिली ती रिव्हर्सचीच.

पुढच्या गिअरांचे दात तिरपे असतात आणि ते कायम एकमेकांत बसलेले असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा आतली स्लीव्ह सरकते आणि त्याआधी सिंक्रो रिंग दोन्हीकडचा वेग जुळवून घेते. ही सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकने 1928 मध्ये आणली. मारुती 800 सारख्या असंख्य साध्या गाड्यांत रिव्हर्सच्या वाट्याला ती आलीच नाही. तिथे दोन शाफ्टांच्या मधे आयडलर नावाचं तिसरं चाक सरकत येऊन बसतं आणि त्यामुळे फिरण्याची दिशा उलटते. याचे दात सरळ कापलेले असतात. मागे जाताना गाडी जो 'कुंईं' आवाज करते, तो या सरळ दातांचा.

सरळ दात एकमेकांत शिरायचे तर दोन्ही बाजू थांबलेल्या हव्यात. गाडी उभी आहे म्हणजे चाकांकडची बाजू थांबलेली आहे. इंजिनाकडचा शाफ्ट मोकळा करायचं काम क्लचचं. क्लच पूर्ण सुटला नाही तर शाफ्ट फिरत राहतो आणि दातावर दात घासून 'कर्रर्र' होतं. पुढचे गिअर सिंक्रोच्या जोरावर हा दोष बरेच दिवस झाकून नेतात, रिव्हर्सला ते जमत नाही. म्हणून क्लचचं दुखणं सगळ्यात आधी रिव्हर्समध्ये कळतं.

निदानाची पहिली पायरी फुकट आहे. सपाट जागी हँडब्रेक लावून इंजिन बंद करा आणि रिव्हर्स टाका. कधी दातासमोर दात येतो, तेव्हा हँडब्रेक सोडून गाडी किंचित ढकला आणि परत टाका. बंद इंजिनावर रिव्हर्स अलगद पडतो आणि चालू इंजिनावर करकरतो, तर संशय क्लचवर. आणखी एक खूण म्हणजे आधी पहिला गिअर टाकून मग रिव्हर्स टाकला की तो पडतो. पहिल्याच्या सिंक्रोने फिरणारा शाफ्ट थांबवलेला असतो.

मग पेडलपाशी वाका. जाड मॅट गोळा होऊन पेडलखाली अडकलेली असते आणि पेडल तळापर्यंत जातच नाही, इतकं साधं कारणही निघतं. ते नसेल तर बॉनेट उघडून हेल्परला क्लच दाबायला सांगा आणि गिअरबॉक्सवरचा क्लचचा लिव्हर बघा. पेडल पूर्ण जातं पण लिव्हर जेमतेम हलतो, तर केबल ताणली गेली आहे. टोकाशी तिच्या तारा एकेक करून तुटलेल्या दिसतात. नट फिरवून फ्री प्ले, म्हणजे पेडलची मोकळी हालचाल, बसवला की पुष्कळ गाड्या तिथेच बऱ्या होतात, पण तारा तुटल्या असतील तर केबल बदलाच. हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइलची पातळी बघा, गळती शोधा, लाइनमधली हवा काढा. एवढं करूनही क्लच सुटत नसेल तरच प्लेट, प्रेशर प्लेट आणि शाफ्टवरचा गंज बघायला गिअरबॉक्स उतरवावा.

इंजिन बंद असतानाही रिव्हर्स पडत नसेल तर वाट वेगळी. इथे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचा मार्ग तपासायचा. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेल्या पद्मिनीत गिअरचा दांडा बराच काळ स्टिअरिंगच्या खांबावर होता. हाताची हालचाल सळ्या आणि सांधे ओलांडून खाली जाई. प्रत्येक सांध्यात थोडीथोडी झीज झाली की शेवटी दांडा पूर्ण फिरायचा आणि गिअर मात्र अर्धाच बसायचा. ज्या मिस्त्रींनी वर्षानुवर्षं काळ्यापिवळ्या टॅक्सी सांभाळल्या, ते आधी हे सांधे हाताने हलवून बघत. त्या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे. आजच्या गाड्यांत सळ्यांच्या जागी केबली आल्या, तरी झिजलेला बुश, निसटलेलं केबलचं टोक, फाटलेलं इंजिन माउंटिंग हेच गुन्हेगार. काही गाड्यांत रिव्हर्ससाठी दांड्याच्या मुठीखालची रिंग वर ओढावी लागते. तिची बारीक तार तुटली की गिअर कुलूपबंद.

मागचा पांढरा दिवा लागतो का, तेही बघा. त्याचा स्विच सहसा गिअरबॉक्सवर असतो. दिवा लागला, क्लच सोडला आणि गाडी जागची हलली नाही, तर दोष आतला. आयडलर सरकवणारा फोर्क झिजलेला, नाहीतर आयडलरच्याच कडा तुटलेल्या. गिअरबॉक्समधून काढलेल्या ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे दिसले तर शंका उरत नाही. आता गिअरबॉक्स उघडायचाच, आणि आयडलर, त्याचा शाफ्ट आणि फोर्क एकत्र तपासून घ्यायचे. नव्या चाकावर जुना फोर्क ठेवून केलेली बचत फार टिकत नाही. ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्यांचं शास्त्र वेगळं, तरी तिथेही आधी ब्रेकचा स्विच बघा, कारण ब्रेक दाबल्याची खूण मिळाल्याशिवाय त्यांतल्या बऱ्याच गाड्या रिव्हर्स घेत नाहीत.

गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकून बघितलात का? 'नाही' असं उत्तर आलं, तर आधी ते करून घ्या.