आम्लपित्ताची गोळी आणि झोपेची गोळी

रात्री अकरानंतर सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन घरी परतणाऱ्या आपणा इंदूरकरांना छातीतील जळजळ नवी नाही. पुढे वय वाढते, झोप उणावते आणि उशाशी दोन गोळ्या येऊन बसतात: एक आम्लपित्ताची, दुसरी झोपेची. बहुधा त्या दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते.

डायझेपामचे विघटन यकृतातील एन्झाइमांकडून होते. त्यांपैकी सीवायपी २सी१९ या एन्झाइमाला ओमेप्राझोल अडवते आणि डायझेपाम रक्तात अधिक काळ रेंगाळते. मुळातच ते सावकाश उतरणारे औषध. त्यापासून तयार होणारे डेस्मिथाइलडायझेपाम तर त्याहूनही चिवट, आणि तेही गुंगी आणणारेच. आजची गोळी अशी कालच्या शिलकीवर चढत जाते. १९७६ साली बाजारात आलेले सिमेटिडीन याहून उपद्रवी. ते एकाच वेळी अनेक एन्झाइमांना रोखते व अल्प्राझोलामचाही निचरा मंदावते. पँटोप्राझोलचा डायझेपामवर असा लक्षणीय परिणाम होत नाही. लोराझेपामच्या निचऱ्याची वाटच वेगळी, त्यामुळे ते या भानगडीत सापडत नाही.

सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंना घरच्यांनी माझ्याकडे आणले ते विसरभोळेपणासाठी. न्हाणीघरात दोनदा तोल गेला होता. वयाचा दोष म्हणून सर्वांनी ते स्वीकारलेही होते. मी औषधांची पिशवी मागवली. तीत ओमेप्राझोल होते, डायझेपाम होते, आणि काकू जिला ‘पोटाची गोळी’ म्हणत तीही होती. या तिसऱ्या गोळीत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असते, म्हणजे डायझेपामच्याच कुळातले औषध. घरात ते कोणाला ठाऊक असणार? शिवाय क्लिडिनियमने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडून जळजळ वाढू शकते, ती गोष्ट वेगळीच.

उलट दिशेचा परिणाम आपण वैद्यकव्यावसायिकही पुष्कळदा विसरतो. झोपेत लाळ सुटणे व गिळणे जवळजवळ थांबते. आम्ल वर आले की क्षणभर जाग येते, आपण गिळतो आणि अन्ननलिका धुतली जाते. झोपेची गोळी नेमकी ही जाग दडपते. झोल्पिडेम घेतल्यावर आम्ल अन्ननलिकेत अधिक काळ राहते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. रुग्ण म्हणतो, ‘आता छान झोप लागते’; आत मात्र दाह चालूच असतो. म्हणून निद्रानाशाच्या रुग्णास मी प्रथम रात्रीच्या जेवणाची वेळ विचारतो. जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाची डोक्याकडील बाजू वीतभर उंच आणि डाव्या कुशीवर झोपणे, एवढ्यानेही काहींची झोपेची गोळी टळते.

मात्र हा लेख वाचून कोणी झोपेची गोळी आज रात्रीपासून बंद करू नये. डायझेपाम वा अल्प्राझोलाम दीर्घकाळ घेतल्यावर एकाएकी थांबवल्यास झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कित्येक आठवड्यांत, थोडीथोडी उतरवावी लागते.