घरचा कॅमेरा (भाग ६) : रेकॉर्डिंगचा फॉरमॅट कोणता ठेवावा?

लेन्स आणि झूम मागच्या भागात आटोपले. आता मेनूतल्या अशा पानाकडे वळू, जे बहुतेक जण उघडतच नाहीत. दुकानातून आलेला फॉरमॅट तसाच राहतो आणि घरातल्या मुंजी-बारशांचं चित्रण त्यातच होतं. कमी दर्जात टिपलेलं चित्र नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरनं पूर्ण दर्जाचं होत नाही, म्हणून हे पान महत्त्वाचं.

मिनीडीव्ही टेपच्या काळात हा प्रश्न कॅमेरा घेतानाच सुटायचा. कार्डावर रेकॉर्ड करणाऱ्या बऱ्याच कॅमकॉर्डरमध्ये मात्र निवड आपल्याकडे असते : एव्हीसीएचडी की एक्सएव्हीसी एस?

एव्हीसीएचडी सोनी आणि पॅनासोनिकनं २००६ मध्ये आणला. सेकंदाला २४ मेगाबिट या दरानं तासाचं चित्रण जेमतेम ११ जीबी होतं, ही त्याची सोय. पण त्यात बरेचदा ‘५०आय’ निवडलेलं असतं. म्हणजे पूर्ण चित्र एकदम टिपलं जात नाही. आधी एकाआड एक ओळी, मग एक पन्नासांश सेकंदानं उरलेल्या. मंगळागौरीची फुगडी अशी टिपली आणि कॉम्प्युटरवर थांबवून पाहिली, तर हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ‘५०पी’मध्ये दर वेळी अख्खं चित्र येतं, दाते येत नाहीत.

दुसरी अडचण कॉपी करताना येते. लांबलचक चित्रणाचे कॅमेरा आपणच तुकडे पाडतो आणि ते कसे जोडायचे याची नोंद वेगळ्या फाइलींत ठेवतो. घाईत नुसत्या एमटीएस फाइली उचलल्या, की मंगलाष्टकं ऐन रंगात असताना सांध्यावर अडखळतात. तेव्हा कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे उचलावेत.

एक्सएव्हीसी एस २०१३ चा. यात सरळ एमपी४ फाइल मिळते. ५० मेगाबिटला तासाला साडेबावीस जीबी लागतात. बऱ्याच कॅमेऱ्यांना त्यासाठी एसडीएक्ससी कार्ड लागतं. फोरके १०० मेगाबिटला घेतलं तर तासाला ४५ जीबी. एवढं साठवायला डिस्क आणि चालवायला दमदार कॉम्प्युटर नसेल, तर फोरकेच्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला कॅमेरा असेल तर तो सेकंदाला साठ चित्रांचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र फडफडू शकतं. शटर एक शतांशावर ठेवलं की ते बरंचसं थांबतं.

घरगुती समारंभासाठी माझी निवड ठरलेली आहे : एक्सएव्हीसी एस, १०८०, ५०पी, ५० मेगाबिट. कॅमेऱ्यात ते नसेल तर एव्हीसीएचडी ५०पी. आणि तेही नसेल तरच ५०आय, सर्वांत वरच्या दर्जाचं.

कार्याच्या आदल्या दिवशी हॉलच्याच दिव्यांखाली पाच मिनिटं चित्रण करा आणि घरच्या टीव्हीवर लावून बघा. पुढच्या आठवड्यात माइकबद्दल.