एक रेष ओलांडली आणि सीन गंडला

मी दिवसा कोड लिहितो आणि सुट्टीत जळगावला आलो की मोबाइलवर शॉर्ट फिल्म करतो. आजचा एपिसोड माझ्याच एका चुकीवर आहे.

सीन साधा होता. मेहरूण तलावाच्या काठावर दोन मित्र समोरासमोर बसून चहा पितायत. एक जण उद्या पुण्याला चाललाय. पहिल्याचा क्लोजअप घेतला, तो उजवीकडे बघतोय. दुसऱ्याच्या वेळी ऊन थेट लेन्सवर यायला लागलं, म्हणून मी उठून पलीकडे गेलो. एडिटला बसलो तर दोघंही उजवीकडेच बघतायत! एकमेकांशी नाही, तिसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत असं वाटत होतं. आणि तोवर तो मित्र खरंच नोकरीसाठी पुण्याला गेला होता. परत शूट कुठून करणार?

चूक कुठे झाली? दोघांच्या मधून एक रेष गेलीय असं समजा. सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यायचे. हाच 180 डिग्रीचा नियम. कबड्डी आपण एकाच बाजूला बसून बघतो, म्हणून डावीकडची टीम डावीकडेच दिसते. तसंच हे.

माझा सीन वाचवला चहाच्या ग्लासने. हातातल्या ग्लासचा एक क्लोजअप सहज घेतला होता, तो दोन शॉटच्या मध्ये टाकला. दिशेचा झटका बराच कमी झाला. म्हणून असे दोन-तीन शॉट कायम जादा घ्या.

आणखी तीन गोष्टी. ग्लास उचलण्याची क्रिया वाइड आणि क्लोज दोन्हीत पूर्ण शूट करा आणि हात वर जात असतानाच कट मारा. नजर हातामागे जाते, कट कळत नाही. त्याच माणसाचा पुढचा शॉट घेताना अँगल निदान 30 डिग्री बदला, नाहीतर चित्र उडी मारल्यासारखं दिसतं. आणि प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवा: बाही किती दुमडलेली, ग्लासात चहा किती.

महागडं सामान नाही म्हणून अडू नका. धुळ्याशेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी सायकल आणि बैलगाडीवर कॅमेरा चढवून सिनेमे केले. 2008 च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ते बघायला मिळतं. आपल्या या रेषेला तर एक रुपयाही लागत नाही. शूटच्या आधी ती जमिनीवर खडूने आखा, बस्स.

मी आता आखतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!