जिन योंग : चिनी इतिहासाचा संपादक-कादंबरीकार

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. एक भूतकाळ आणि दुसरा वर्तमानकाळ. इतिहासाचा अभ्यासक गतकाळाविषयीं प्रश्न विचारतो. कादंबरीकार बहुधा आपल्याच काळाचे प्रश्न गतकाळाला विचारीत असतो. हें कसें घडतें, याचें एक ठळक उदाहरण म्हणजे विसाव्या शतकांतील चिनी कादंबरीकार जिन योंग. त्याचें उदाहरण विशेष बोधप्रद अशासाठीं कीं, तो धंद्यानें वृत्तपत्रकार होता. दैनिकाचा अग्रलेख आणि त्याच दैनिकांतील कादंबरीचा हप्ता, हीं दोन्ही एकाच लेखणींतून उतरत.

जिन योंग हें टोपणनांव. त्याचें खरें नांव चा ल्यांगयोंग. या नांवांतील शेवटचें चिनी अक्षर मधोमध फोडलें म्हणजे जीं दोन अक्षरें मिळतात, तींच ‘जिन’ आणि ‘योंग’. १९२४ सालीं चेज्यांग प्रांतांतील हायनिंग येथें एका विद्वान व जमीनदार घराण्यांत त्याचा जन्म झाला. १९४७ सालीं तो शांघायच्या ‘ता कुंग पाओ’ या दैनिकांत लागला आणि दुसऱ्याच वर्षीं त्या पत्राच्या हाँगकाँग येथील कचेरींत गेला. १९४९ सालीं चीनमध्यें कम्युनिस्ट राज्य आलें. १९५१ सालीं त्याच्या वडिलांना क्रांतीचा शत्रु ठरवून देहान्त शिक्षा देण्यांत आली. ती अन्यायाची होती, हें मान्य होण्यास तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. जन्मभूमीशीं असलेलें नातें असें तुटल्यावरही ज्यानें तिच्याच इतिहासावर लिहिलें, त्याच्या लेखनांत ‘आपला कोण आणि परका कोण’ हा प्रश्न पुन्हां पुन्हां यावा, यांत नवल नाहीं.

कादंबरीकडे तो वळला तो मात्र वृत्तपत्राच्या निकडीमुळें. १९५४ च्या जानेवारींत मकाव येथें दोन निरनिराळ्या संप्रदायांच्या युद्धविद्यागुरूंचा जाहीर सामना झाला. तो कांहीं मिनिटांतच अनिर्णित संपला, पण हाँगकाँगांत त्याची चर्चा थांबेना. ही संधि साधून ‘न्यू ईव्हनिंग पोस्ट’ या सायंदैनिकानें जिन योंगचा सहकारी ल्यांग युशंग याच्याकडून शस्त्रवीरांची एक कादंबरी क्रमशः लिहवून घेतली. ती लोकप्रिय झाली. आणि १९५५ सालीं तेंच काम जिन योंगकडे आलें. या कथाप्रकाराला चिनी भाषेंत ‘वूश्या’ म्हणतात. त्यांतील नायक राजदरबाराबाहेर राहतात, गुरुपरंपरेनें शस्त्रविद्या शिकतात, आणि जेथें कायदा दुबळा पडतो तेथें स्वतःच्या बळावर न्याय करतात. हा प्रकार जुनाच होता. जिन योंगनें त्याला खऱ्या राजवंशांची, खऱ्या लढायांची व खऱ्या सम्राटांची बैठक दिली.

१९५९ सालीं त्यानें एका शाळासोबत्याच्या भागीदारींत ‘मिंग पाओ’ हें दैनिक काढलें. पहिल्याच अंकापासून त्यांत त्याची नवी कादंबरी सुरू झाली. नव्या पत्राला वाचक मिळाला तो प्रथम कादंबऱ्यांमुळें. अग्रलेखांचा दबदबा मागाहून आला. रोज एक हप्ता देण्याच्या या रीतीचे गुण आणि दोष दोन्ही त्याच्या लेखनांत दिसतात. मजकूर उत्कंठेच्या जागीं तोडावा लागे, आणि एकदां छापलेलें मागें घेतां येत नसे. म्हणूनच या सर्व कथा तपासून व दुरुस्त करून पुन्हां छापण्यांत त्यानें पुढें अनेक वर्षें घालविलीं.

आतां त्याचा मूळ प्रश्न पाहूं. पहिल्या कादंबरीचा आधार हायनिंगमधील एक दंतकथा आहे. अठराव्या शतकांतील मांचू सम्राट च्येनलोंग हा वास्तविक तेथील चेन नांवाच्या हान, म्हणजे मूळ चिनी, कुटुंबांतील मूल असून जन्मतःच त्याची अदलाबदल झाली, अशी ती कथा. इतिहासकार ती मानीत नाहींत. कादंबरींत बंडखोरांचा पुढारी हा या सम्राटाचा सख्खा भाऊ निघतो, आणि ‘तूं हान आहेस, मांचूंना घालवून दे,’ असें त्याला विनवितो. सम्राट अखेर दगा देतो. येथें आपला व परका यांची वांटणी रक्तावरून झालेली आहे.

पुढें ही वांटणी सैल होत जाते. १९५७ सालीं सुरू झालेल्या कादंबरीचा नायक क्वो चिंग हा हान असून चंगीझखानाच्या छावणींत वाढतो. ज्यांनीं त्याला वाढविलें त्यांच्याच स्वारीला त्याला तोंड द्यावें लागतें. या कथेच्या उत्तरभागांत मोंगल खान मोंगके हा श्यांगयांग शहराच्या तटापुढें दगडाच्या तडाख्यानें मरतो. इतिहासांत तो १२५९ सालीं सध्यांच्या चुंगकिंगनजीक एका डोंगरी किल्ल्याला वेढा देऊन बसला असतां मरण पावला. श्यांगयांग पुढें १२७३ सालीं पडलें. लेखकानें मरणाचें साल राखलें आणि स्थळ बदललें. इतिहासाशीं तो किती मोकळेपणानें वागे, हें यावरून कळतें.

१९६३ सालीं सुरू झालेल्या कादंबरीचें नांव तर आपणांस ओळखीचें वाटावें. बौद्ध ग्रंथांत सांगितलेल्या देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर आणि महोरग या आठ योनींवरून तें घेतलें आहे. श्याओ फंग हा तिचा एक नायक. तो सोंग राज्यांत हान म्हणून वाढला व वीरांचा पुढारी झाला. आणि एके दिवशीं उघडकीस आलें कीं, तो शत्रु मानलेल्या खितान जातीचा आहे. कालचे मित्र त्याच्यावर शस्त्र उपसतात. शेवटीं तो खितान सम्राटाकडून सोंग राज्यावर स्वारी न करण्याची शपथ घेववितो, आणि आपल्या राजाशीं आपण द्रोह केला म्हणून स्वतःचा प्राण घेतो.

१९६७ सालीं सांस्कृतिक क्रांतीचें वारें हाँगकाँगांत शिरलें. दंगली झाल्या, रस्त्यांत बाँब ठेवले गेले, आणि डाव्या चळवळीवर रेडिओवरून टीका करणारा लॅम बन याला जाळून ठार मारण्यांत आलें. ‘मिंग पाओ’ही त्या चळवळीविरुद्ध लिहीत असल्यानें जिन योंगला धमक्या आल्या. त्या वर्षीं सुरू केलेल्या कादंबरींत त्यानें कोणत्याही राजवंशाचें नांव घातलें नाहीं. तींत एका पंथाचे अनुयायी आपल्या प्रमुखाची ठराविक शब्दांत स्तुति करतात, आणि एक गुरु सज्जनतेच्या बुरख्याखालीं सत्तेचा डाव खेळतो. वाचकांनीं त्यांत माओच्या भक्तांना ओळखलें. लेखकाचें म्हणणें असें कीं, हीं माणसें प्रत्येक युगाच्या राजकारणांत असतात, आणि म्हणूनच काळ सांगितलेला नाहीं.

शेवटची मोठी कादंबरी १९६९ ते १९७२ या काळांत निघाली. तिच्या आरंभीं सतराव्या शतकांतील एक खरा खटला येतो. मांचूंच्या आधींच्या मिंग राजवंशाचा इतिहास छापल्याबद्दल त्या ग्रंथाशीं संबंध आलेल्या अनेकांचे प्राण घेण्यांत आले. छापणारे आणि विकणारेही सुटले नाहींत. असलें संकट जिन योंगच्या घराण्यानेंही भोगलें होतें. १७२६ सालीं त्याचा पूर्वज चा स्सथिंग याला राजद्रोहाच्या आरोपावरून पकडलें व तो तुरुंगांत मेला. त्याचा कवि-बंधु चा शेनशिंग यालाही कैद झाली. कादंबरी पुस्तकरूपानें काढतांना जिन योंगनें तिच्या प्रकरणांचे मथळे याच पूर्वजाच्या काव्यांतून घेतले. असें असूनही तींतील मांचू सम्राट खांगशी हा प्रजाहितदक्ष राजा आहे. आणि नायक आहे वेश्यागृहांत जन्मलेला, निरक्षर, खोटारडा, पण मित्रांना न विसरणारा एक पोरगा. अखेरीस तो आईला आपला बाप कोण म्हणून विचारतो, तेव्हां हान, मांचू, मोंगल, तिबेटी यांपैकीं कोणीही असूं शकेल, असें उत्तर मिळतें. पहिल्या कादंबरींत ज्या रक्तावर सारा डाव मांडला होता, तें रक्त येथें ओळखतांच येत नाहीं.

सतरा वर्षांतील या बदलाचें कारण, माझ्या मतें, त्याच्या संपादकीय मेजावर शोधावें लागेल. स्वजातीय राज्यकर्ते स्वजनांचे प्राण घेतात, आणि परक्यांच्या वसाहतींत त्याच प्रजेला आसरा मिळतो, हें त्यानें रोजच्या बातम्यांत पाहिलें आणि घरांत सोसलें. राजाला त्याच्या वंशावरून जोखावयाचें कीं प्रजेला तो कसें वागवितो यावरून, हा प्रश्न त्याच्यापुढें केवळ ग्रंथांतला नव्हता.

त्याचीं पुस्तकें तैवानांत १९७९ पर्यंत व चीनमध्येंही दीर्घकाळ निषिद्ध होतीं; १९८१ सालीं मात्र डेंग श्याओपिंगनें त्याची भेट घेतली. २०१० सालीं, वयाच्या शहाऐंशींव्या वर्षीं, तांग राजवंशाच्या इतिहासावर प्रबंध लिहून त्यानें केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. २०१८ सालीं हाँगकाँग येथें तो वारला. मनोरंजनासाठीं लिहिलेल्या कथा म्हणून ज्यांना विद्वान एके काळीं बाजूस सारीत, त्या आज चिनी भाषा जेथें जेथें वाचली जाते तेथें घरोघर आहेत. त्यांतील शस्त्रांचे चमत्कार मुलांना भुलवितात. वडीलधाऱ्यांना त्याच पानांत, आपल्या माणसांकडून झालेला अन्याय अन्यायच म्हणावा कीं नाहीं, हा प्रश्न भेटतो.