अंगणातला कॉसमॉस

सुरतेत स्थिरावलेल्या मराठी घराचे अंगण पाहावे. तुळशीवृंदावन, जास्वंद, मोगरा ही मंडळी तेथे असायचीच. आमच्या अंगणात त्यांच्या जोडीला गेली काही वर्षे कॉसमॉस नावाचा पाहुणा हिवाळ्यात मुक्कामाला येतो. त्याचे मूळ गाव मेक्सिको. पण त्याला परका तरी कसे म्हणावे? आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू त्याच मुलखातून आलेला आहे! १७९१ साली कॅव्हानिलेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने या फुलाचे नामकरण केले. सुव्यवस्था आणि सौंदर्य असा अर्थ असलेला ग्रीक शब्द त्याने त्यासाठी निवडला.

कॉसमॉसचे दोन प्रकार आपल्याकडे विशेष प्रचलित आहेत. एकाची फुले पिवळी-केशरी असतात. तो पावसाळ्याच्या आरंभी पेरला की सुमारे दोन महिन्यांत फुलतो. दुसऱ्याची फुले गुलाबी, पांढरी, किरमिजी आणि पाने शेपूसारखी बारीक. हा हिवाळ्याचा मानकरी. घटस्थापनेच्या दिवशी घटाभोवती धान्य पेरले की आम्ही वाफ्यातही याचे बी पेरतो. दसऱ्यापर्यंत दोहोंचे अंकुर वर आलेले असतात.

पहिल्या वर्षी मात्र आमची फजिती झाली. हौसेने आम्ही वाफ्यांत भरपूर शेणखत घातले. रोपे पुरुषभर वाढली, पाने दाट आली, पण फुले कुठे दिसेनात. कॉसमॉसला श्रीमंती मानवत नाही; खत अधिक झाले की तो पानांतच रमतो, हे तेव्हा कळले. दुसऱ्या वर्षी खताला फाटा दिला. मागच्या अंगणातला वाफा फुलांनी लहडून गेला, परंतु ओटीसमोरचा वाफा हिरवाच राहिला. माती तीच, बी तेच, पाणीही तेच. मग उणे कशाचे होते?

उणे अंधाराचे होते! घरातील मंडळी रात्रपाळीहून परतत, म्हणून ओटीवरचा दिवा रात्रभर जळत असे. काही वनस्पती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की फुलण्याची तयारी करतात, हे अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले. गुलाबी कॉसमॉस त्यांपैकीच एक. सुरतेत जूनमध्ये दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो, तर डिसेंबरमध्ये तो पावणेअकरा तासांवर येतो. दिव्याच्या उजेडात आमच्या रोपांना ही मोठी रात्र कधी लाभलीच नव्हती. दिवा ओटीवरून काढून जिन्यात लावला, आणि पुढच्या हिवाळ्यात दोन्ही वाफे बरोबरीने फुलले.

आता थोडे लागवडीविषयी. आपल्याकडील काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत वाळू मिसळून वाफा वीतभर उंच करावा. जागा दिवसभर उन्हाची असावी. बी पाव इंच खोल पेरावे. आठवड्याभरात ते उगवते. रोपांत फूटभर अंतर ठेवावे आणि ती वीतभर झाली की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. वरची माती सुकली की मगच पाणी द्यावे. उंच रोपांना काठीचा आधार द्यावा आणि सुकलेली फुले वेळीच खुडावीत, म्हणजे नवी येत राहतात. अंगण नसेल, तर गच्चीवरील दहा-बारा इंची कुंडीतही हे झाड समाधानाने राहते.

एक गोष्ट मात्र वाचकांना आवर्जून सांगावीशी वाटते. पिवळा कॉसमॉस दिसतो सोज्वळ, पण सुटला की आवरत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर तो रानोमाळ पसरला आहे, आणि तेथील मूळची गवते व रानफुले त्यामुळे मागे हटत आहेत, अशी चिंता निसर्गअभ्यासकांनी व्यक्त केली आहे. आपल्यापैकी पुष्कळजण सुट्टीत डांगातून, सापुताऱ्याच्या घाटाने गावाकडे जातात. डोंगर रंगीत दिसावा म्हणून वाटेत मूठभर बी उधळण्याचा मोह होईल, तो टाळावा. तेरडा आणि सोनकी ही त्या डोंगरांची माहेरवाशीण फुले. त्यांची जागा आपल्या हौसेने हिरावली जाऊ नये. आम्ही तर पिवळे कॉसमॉस लावणे सोडूनच दिले. गुलाबीचे बीदेखील जमिनीवर गळण्याआधीच गोळा करून कागदाच्या पुडीत भरतो आणि पुडीवर साल लिहून ठेवतो.

उत्तरायणाला सारे सुरत गच्चीवर असते. वर आकाशात पतंग आणि खाली अंगणात देठांवर डोलणारी गुलाबी फुले, असा दुहेरी सोहळा आमच्या घरी त्या दिवशी असतो. आलेल्या शेजाऱ्यांच्या हातावर आम्ही तिळगूळ ठेवतो आणि मागील वर्षीच्या बियांची एक पुडीही देतो. अंगणातच लावा, एवढे सांगून!