‘क्विक’ शब्दातील जीव

छत्रपती संभाजीनगरच्या बाजारपेठेत ‘क्विक’ हा शब्द आता मराठीइतकाच रुळला आहे. क्विक सर्व्हिस, क्विक डिलिव्हरी, परीक्षेच्या आदल्या रात्रीची क्विक रिव्हिजन; अर्थ सर्वत्र एकच, झटपट. मात्र जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता ‘जिवंत’. भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो आणि संस्कृत ‘जीव’ एकाच आदिम शब्दापासून निघाले. लॅटिन ‘वीवुस’ व ग्रीक ‘बिओस’ ही त्यांचीच भावंडे. मुलांच्या दप्तरातील ‘बायॉलॉजी’ याच घराण्यातली.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही ‘क्विक’ म्हणजे जिवंत माणसे. जे जिवंत ते हालते, जे हालते ते चपळ, आणि चपळ ते वेगवान, अशा पायऱ्यांनी अर्थ सरकत गेला. जुना अर्थ जोडशब्दांत मात्र टिकून राहिला. पाऱ्याला इंग्रजीत ‘क्विकसिल्व्हर’, म्हणजे जिवंत चांदी, म्हणतात. पाणी पडताच उसळणारा कळीचा चुना हा ‘क्विकलाइम’. गर्भाची पहिली हालचाल मातेला जाणवते, ती ‘क्विकनिंग’. नखाखालच्या हुळहुळ्या मांसाचे इंग्रजी नावही ‘क्विक’च, तिथवर घाव पोचला की आपण म्हणतो, जिव्हारी लागले.

इंग्रजीने हालचालीवरून जीव ओळखला. जैन चिंतन येथे थबकते. त्याने जीवांचे त्रस आणि स्थावर असे भेद केले, पण स्थावराचे जीवपण नाकारले नाही. पृथ्वी, पाणी, वनस्पती हे एकेंद्रिय असले तरी जीवच. अग्नी आणि वायू यांचे काय? तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात ते स्थावरांत मोडतात, श्वेतांबर पाठात त्रसांत. हालणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्या आचार्यांना किती बारकाईने पडला होता, हे या एका पाठभेदावरून दिसते. इतक्या सूक्ष्म प्रश्नाची चर्चा आज घराघरांत क्वचितच होते, ही खंत आहे.

ईर्यासमितीचा नियम याच जाणिवेतून आला. साधु-साध्वी पुढची चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकतात आणि पावसाळ्यात, जमीन जीवांनी भरून येते तेव्हा, विहारच थांबवतात. त्यांच्या चालण्याला ‘क्विक’ म्हणावे काय? आजच्या अर्थाने मुळीच नाही. जुन्या अर्थाने मात्र अवश्य.

शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळ आहे. तेथील लेण्यांच्या उत्तर टोकाला, ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आहेत. बहुतेक प्रवासी कैलास पाहून परततात, त्यामुळे इकडे शांतता असते. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, बाहुबली कायोत्सर्गात उभे आहेत. ते इतका काळ निश्चल राहिले की वेली त्यांच्या पायांवरून, हातांवरून चढत गेल्या. शिल्पकाराने त्या वेलींची पाने निगुतीने कोरली आहेत. त्याही एकेंद्रिय जीवच.