जुन्या ट्रकची किंगपिन

१९५४ पासून जमशेदपुरास तयार होऊ लागलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकचा पुढील आस घडीव पोलादाचा असून, त्याच्या टोकांशी चाकासह वळणारा स्टब अ‍ॅक्सल ज्या उभ्या किंगपिनवर फिरतो, ती ग्रीस देण्यातील हयगयीमुळे झिजली म्हणजे स्टिअरिंग सैल पडते. ही झीज तपासण्यासाठी जॅकवर उचललेले चाक वर व खाली धरून हलवावे. साथीदाराने ब्रेक दाबूनही खडखड उरली, तर कसूर बहुधा बेअरिंगची नव्हे, किंगपिनचीच. पिन जागी धरणारी आडवी कॉटर काढण्यापूर्वीच गंजलेल्या पिनेवर घण घालणे हा शुद्ध अविचार होय. नवे काशाचे बुश बसविताना त्यांचे छिद्र ग्रीसच्या वाटेसमोर आणावे, रीमरने माप साधावे, आणि अखेरीस चाकांचे अलाइनमेंट तपासावे. किंगपिन दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात.